गेम चालू असताना आलेले दोन फोन

मॅडमनी चिठ्ठ्या टाकून विषय वाटले होते. माझ्या चिठ्ठीत होतं : ऑनलाइन शूटिंग गेमचे फायदे आणि तोटे. मागच्या बाकावरची मुलं लगेच हसली, कारण मी रोज दुपारी काय खेळतो ते त्यांना माहीत होतं. आमच्याच टीममधला, सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहणारा मुलगा म्हणाला, "भावा, तुला तर पेपरच फुटला."

शुक्रवारी मी वर्गासमोर दहा मिनिटं बोललो. माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गात काही बोलायचं असलं तर मी आधी मनात वाक्य तयार करतो, तपासतो, आणि ते होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्या दिवशी मात्र बोलता आलं. आणि ज्याच्यामुळे बोलता आलं, तोच माझ्या भाषणाचा विषय होता. म्हणून फायदे सांगताना मला खोटं काही जोडावं लागलं नाही.

मी सांगितलं, की या खेळात चार जणांची टीम असते. चौघं आपापल्या घरी असतात आणि कानात हेडफोन घालून एकमेकांशी बोलत असतात. समोर आपल्याला फक्त आपले दोन हात आणि बंदूक दिसते. शत्रू कुठून येतोय हे पुष्कळदा दिसत नाही, ऐकावं लागतं. आमच्यात ऐकायचं काम माझ्याकडे आहे. घणसोली गावात आमची भाड्याची खोली आहे. भिंती पातळ, लोखंडी जिना सगळ्यांचा एकच. कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, हे मी लहानपणापासून न बघता सांगतो. गेममध्ये तेच कामाला आलं. मी म्हणायचो, "वर दोघं, डावीकडच्या खोलीत," आणि तिघं एकही शब्द न बोलता तिकडे वळायचे. ज्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली आहे, ती मुलं माझं ऐकायची. सीवूड्सवाला तर मॅच सुरू झाली की म्हणायचा, "तू बोल रे, आम्ही चालतो."

मी हेही सांगितलं, की टीममधला एखादा गोळी लागून पडला तर लगेच मरत नाही, नॉक होतो. तो रांगत राहतो. मग दुसऱ्याने त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद बसायचं, त्याला उठवायचं. तेवढा वेळ बसणाऱ्याच्या जिवाला धोका असतो, तरी बसायचं. आमच्या टीममध्ये पडलेल्याला सोडून कुणी पुढे जात नाही. हे सांगताना वर्ग शांत झाला होता आणि मला स्वतःचाच आवाज बरा वाटत होता.

मग तोटे. डोळे दुखतात. वेळ कसा जातो कळत नाही. अनोळखी माणसं आईवरून शिव्या देतात आणि काही दिवसांनी आपणही देतो. ज्याचा फोन भारी, त्याचा हात वेगवान. हेही सगळं खरंच होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय? दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "तुझं स्वतःचं काय नुकसान झालं?"

"मागच्या सेमला स्टॅट्समध्ये मार्क कमी पडले," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. मी जागेवर येऊन बसलो. मार्क खरंच कमी पडले होते. पण तिने विचारलं त्याचं उत्तर ते नव्हतं. खरं उत्तर त्या वेळी घणसोलीच्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून बसलेलं होतं.

माझे वडील, त्यांना मी आप्पा म्हणतो, मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहतात. साताऱ्याकडून आले तेव्हापासून हमालांच्या एकाच टोळीत आहेत. दीड-दोन महिन्यांपूर्वी ट्रकवरून उतरताना फळी सरकली आणि गुडघा पिळवटला. पाठीवरची गोणी खाली आली ती नेमकी शर्टाच्या खिशातून पडलेल्या फोनवर. डॉक्टर म्हणाले, पाय सुधारेल, पण वजन आता विसरा. फोनच्या दुकानदाराने तर आशाच ठेवली नाही. नवा फोन पुढे बघू असं ठरलं आणि आप्पांचं सिम माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत गेलं. त्यांना येणारे फोन माझ्याकडे वाजणार होते. आई सकाळपासून टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते, तिचा फोन तिच्याबरोबर जातो. म्हणजे आप्पांसाठी उरला फक्त माझा फोन.

पहिले दोन आठवडे ते पडून होते. मग एके दिवशी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून दाभण काढलं. गोण्यांची तोंडं शिवायची ती बोटभर लांब सुई. तिला तेल लावलं, फडक्याने घासली आणि दाराशी खुर्चीत बसून दिसेल ते शिवायला घेतलं. आधी चटई, मग आईची बाजाराची पिशवी, मग माझ्या कॉलेजच्या सॅकचा तुटलेला पट्टा. पट्टा त्यांनी सुतळीने इतका घट्ट शिवला, की सॅक फाटेल पण तो सुटणार नाही. मी कॉलेजात ती बाजू अंगाकडे वळवून धरायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

"कशाला सगळं शिवत बसलाय?" मी एकदा विचारलं.

"हात बसायला पायजे. टोळीत शिवणीचं काम येक बसल्या जागंचं असतंय. कुणी पडला, कुणाचं वय झालं, तर त्याला इचारत्यात."

"मग तुम्हीच फोन करून सांगा की, मी येतो म्हणून."

ते हसले. "तसं न्हाई चालत, बाळा. आपून मागायचं न्हाई. मागितलं तर दुसऱ्याला उठवावं लागतंय. टोळीचा मुकादम फोन करणार, येकदाच. उचलला तर हो. न्हाई उचलला तर त्यानं समजून घ्यायचं, गड्याला बसायचं काम नको. परत इचारायचं न्हाई."

"एकदाच का?"

"आरं, आयुष्यभर वझं उचललेल्या माणसाला तोंडानं न्हाई म्हणायला लागू नये. म्हणून."

तेव्हापासून ते रोज दोन-तीनदा विचारायचे. "फोन वाजला का रं?" मी म्हणायचो, नाही. आणि तो खरंच वाजलेला नसायचा.

एका शनिवारी दुपारी आमच्या मॅच होत्या. कॉलेजच्या फेस्टसाठी एक टीम निवडायची होती, पाच मॅच लागोपाठ. मी माळ्यावर भिंतीला पाठ लावून बसलो होतो. आप्पा खाली दाराशी. फोनमध्ये एक सोय असते, गेम चालू असताना आलेले कॉल आपोआप कापले जातात, स्क्रीनवर काही येत नाही. मी ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवली होती. आप्पांचं सिम टाकलं तेव्हा ती बंद करायचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी बंद केली असती का, हे मला आज सांगता येत नाही.

दुसऱ्या मॅचमध्ये सीवूड्सवाला नॉक झाला. "रिवाइव दे, रिवाइव दे, भाई!" तो ओरडत होता. मी गोळ्यांतून धावत गेलो, त्याच्याजवळ बसलो, त्याला उठवलं. ती मॅच आम्ही जिंकलो. कानात तिघांचा नुसता आरडाओरडा.

खालून आप्पांनी विचारलं, "वाजला का रं?"

"नाही, आप्पा."

मग गेममधून बाहेर आल्यावर वरच्या पट्टीत दिसलं. मुकादम, दोन मिस्ड कॉल.

पुढची मॅच तीन मिनिटांत होती. मी एवढाच विचार केला, की आत्ता सांगितलं तर आप्पा फोन मागतील, बोलत बसतील, आणि टीम तिघांची होईल. संपल्यावर सांगू. मी बोटाने ती पट्टी बाजूला सारली. नुसती सारली असती तरी चाललं असतं. पण आप्पा कधी कधी फोन हातात घेऊन आलेले कॉल बघतात, म्हणून मी यादीत जाऊन ते दोन्ही कॉल पुसून टाकले. याला फार तर चार सेकंद लागले असतील.

पाच मॅच संपल्या तेव्हा आम्ही निवडले गेलो होतो. खाली उतरलो तर आप्पा खुर्चीतच डुलकी घेत होते, मांडीवर दाभण. उठवून काय सांगणार होतो? फोन आला होता, मी पुसला? म्हटलं, उद्या आपणच मुकादमांना फोन लावू आणि आत्ताच आल्यासारखं आप्पांकडे देऊ. रविवारी धीर झाला नाही. सोमवारी वाटलं, ते पुन्हा करतीलच. मंगळवारी आप्पांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो, आणि या वेळी ते पूर्ण खोटं होतं.

आठवड्याभराने आईने बाजारातून बातमी आणली. शिवणीचं काम टोळीतल्या एका म्हाताऱ्याला दिलं.

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "त्याला दम लागत हुता." मग बऱ्याच वेळाने आईला म्हणाले, "मला इचारलं बी न्हाई गं."

त्यांनी दाभण फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. त्यानंतर त्यांनी फोन वाजला का, असं मला एकदाही विचारलं नाही. मी त्या प्रश्नाला इतका घाबरायचो. पण तो थांबल्यावर घरात बसणं जास्त अवघड झालं.

मग त्यांनी जवळच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम ठरवलं. बारा तासांची ड्यूटी. टोळीतली जागा सोडायची, तसं सोमवारी मार्केटात जाऊन सांगून यायचं. "बावीस-तेवीस वरसं झाली," ते आईला म्हणत होते. "येकानं तरी इचारायचं हुतं. गुडघा गेला म्हंजे माणूस बी गेला व्हय?"

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी वर्गात पडलेल्याला उठवण्याबद्दल बोलून टाळ्या घेतल्या.

शनिवारी सकाळी मी मार्केटात गेलो. घरी सांगायच्या आधी मुकादमांना सांगावं, ते त्या म्हाताऱ्याकडून काम काढून आप्पांना देतील, मग मला घरी फक्त चांगली बातमी न्यावी लागेल, असा माझा हिशोब होता. आता लिहिताना कळतं, की तोही पळायचाच रस्ता होता.

कांद्याच्या गाळ्याबाहेर टोळी नुकती जेवणाचे डबे सोडून बसली होती. एकाने मला ओळखलं. "या कॉलेजवाले! वाट चुकलासा जणू?"

"कांदं वळखायची परीक्षा आसंल," दुसरा म्हणाला. सगळे हसले. थोडं बाजूला, शिवणीचं काम मिळालेले ते म्हातारे काका एका रिकाम्या गोणीवर बसून शिवत होते. त्यांनी हसून मला हात केला. मी नजर वळवली.

मुकादमांना मी बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं, आप्पा जागा सोडणार आहेत हेही. आधी तयार केलेली वाक्यं कामाला आली नाहीत. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं.

"म्हंजे फोन तुझ्याकडं हुता."

"हो, काका."

"आन् तू खेळत हुतास. पत्ते?"

"नाही. बंदुकीचा गेम असतो. मोबाइलवर."

"नेम चांगला दिसतोय तुझा." त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. "आम्ही हितं काय समजत बसलो? गड्याला राग आला. बसायचं काम दिलं म्हणून फोन उचलंना. म्हणून भेटाय बी कुणी आलं न्हाई, म्हणलं तोंड दाखवून आजून लाजवायचं कशाला."

"मग आता त्यांना..."

"आता काय? त्यो बसलाय बघ तितं. त्याला उठवू?"

मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते सुतळीचं टोक दातांनी तोडत होते. मी मान हलवली, नाही.

"बाला सांगितलंस का?"

"नाही अजून."

"मग हितं कशाला आलास आधी?" ते चढ्या आवाजात म्हणाले, आणि जेवणाऱ्यांनी वळून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा. घरला सांग. मी काय बोलणार न्हाई त्याला, तूच सांगायचं."

घरी आलो तेव्हा आप्पा वॉचमनच्या ड्यूटीसाठी बूट पुसत होते, कुणाकडून तरी आणलेले, एक नंबर मोठे. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आप्पा, मुकादमांचा फोन आला होता."

"आत्ता?"

"नाही. त्या शनिवारी. माझी मॅच होती. गेममध्ये कॉल कट होतात. मी नंतर बघितला. आणि तुम्हाला सांगितलं नाही."

ते बूट हातात धरून बसले. मला वाटलं, आता मारतील. मारावं असंच वाटत होतं. त्यांनी विचारलं, "केलता त्यानं फोन?"

"हो. दोनदा."

"दोनदा?"

"दोनदा."

"आरं, येकदाच करत्यात." त्यांनी बूट खाली ठेवला. "दोनदा केला म्हंजे..." त्यांचा चेहरा मी कित्येक दिवसांत तसा पाहिला नव्हता. ते खूश झाले होते. मी त्यांचं हक्काचं काम घालवलं होतं, तीन-साडेतीन आठवडे त्यांना माणसांतून उठवलं होतं, आणि ते माझ्याकडे रागाने बघायलाही मोकळे नव्हते, कारण त्यांच्या टोळीने त्यांना दोनदा विचारलं होतं. त्यांनी एक शिवी दिली असती तर मला ती धरून बसता आलं असतं.

"दाव बरं," ते म्हणाले. हात पुढे केला. "कुटं असतंय ते? लाल अक्षरात?"

"नाही दाखवता येणार."

"का?"

"मी पुसलं ते. त्याच दिवशी."

त्यांचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. फोन न उचलणं, विसरणं, हे त्यांना समजलं असतं. पुसणं म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी कळताना मी पाहिलं. हात मागे गेला. मग ते दाराबाहेर जिन्याकडे बघू लागले. जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं. मी सवयीने आवाज ऐकला, वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"लाव त्याला फोन," ते म्हणाले.

मी मुकादमांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मी आत्ताच मार्केटातून आलोय, हे सांगायचं राहून गेलं होतं. सांगायला तोंड उघडणार, तोवर पलीकडून आवाज आला.

"बोल गड्या."

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "आत्ता कळालं, तू फोन केलतास. दोनदा. आरं, फोन पोराकडं असतोय. आन् आमच्या गावठाणात ह्यो नेटवर्कचा घोळ. लागतच न्हाई येकेक दिवस. त्याला तरी काय कळणार? राग मानू नगंस."

मी जमिनीकडे बघत होतो. फोनमधून फक्त गाड्यांचा, हमालांच्या हाकांचा आवाज येत होता. तासाभरापूर्वी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. एका शब्दाने ते आप्पांना उघडं पाडू शकत होते.

"व्हय," शेवटी ते म्हणाले. "नेटवर्कचं कायबी खरं न्हाई बघ."

"तर काय."

"जागा सोडायला निघालायस म्हणं? सोडू नगंस. सोमवारी ये. शिवणीला म्हातारा हाय, त्याला न्हाई उठवायचा. पण ये. सीझन लागला की दोन सुया लागत्यात. तवर बस येऊन माणसांत."

"येतो की."

आप्पांनी फोन माझ्याकडे दिला. बटण कुठलं दाबून बंद करायचा ते त्यांना चटकन सापडत नाही. तो बंद झाल्याची खात्री करून ते म्हणाले, "ते कॉल कापायचं काय हाय, ते आधी बंद कर. माझ्यासमोर."

मी सेटिंगमध्ये गेलो. त्यांनी मान वाकवून पाहिलं. बंद झालं का, असं दोनदा विचारलं. मग बूट बाजूला सरकवून त्यांनी पत्र्याचा डबा मागितला.

गेम अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. फेस्टला आम्ही खेळलो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, कारण ऐन मॅचमध्ये आप्पांना टोळीतल्या कुणाचा तरी फोन आला, माझी स्क्रीन झाकली गेली आणि मी उभ्या उभ्या मेलो. सीवूड्सवाला ओरडला, "अबे, कॉल ब्लॉक कर ना!" मी त्याला कारण सांगितलं नाही. वर्गात विचारणाऱ्या त्या मुलीलाही अजून खरं उत्तर दिलेलं नाही.

आप्पांना मी मार्केटात जाऊन आलो होतो, हेही मी अजून सांगितलेलं नाही. ते रोज तिकडे जातात. मुकादम त्यांच्याशेजारी बसून जेवतात. दोघंही नेटवर्कच्या नावाने बोटं मोडतात, असं आप्पाच घरी येऊन सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाहीत.